कागद गाडीत आहे

गाडी मंडपापासून लांब लाव, असं आईनं फोनवर दोनदा बजावलं होतं. मी ती मंडपाच्या तोंडाशी नेऊन लावली.

नवी कोरी पांढरी गाडी. चौथ्या पगारावर उचललेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. कारखान्याच्या गेटसमोर चार बांबूंवर ताडपत्री ताणून मंडप केला होता. त्यात जाजम, जाजमावर गादी आणि गादीवर आमचे आण्णा. उपोषणाचा पाचवा दिवस. दाढी वाढलेली, ओठ पांढरे पडलेले, उशाशी पाण्याचा तांब्या. मी दार लावून किल्लीचं बटण दाबलं तशी गाडी दोनदा केकाटली. मंडपातल्या साऱ्यांनी माना वळवल्या. आज तो आवाज आठवला तरी कानाच्या पाळ्या गरम होतात, पण त्या वेळी मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

"सुट्टी टाकून आलास?" आण्णांनी विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

"टाकली दोन दिवस. तिकडं आई फोनवर रडतेय. हे काय मांडलंय तुम्ही?"

"पयलं बस तरी. आनंदा, तेला पानी दे."

आनंदा कोळेकर उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होता. त्यानं पुठ्ठा दुसऱ्याच्या हातात दिला आणि मला पाणी आणून दिलं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, अंगानं काटक, बोलायला कमी. आण्णांच्या हाताखाली त्यानं चौदा हंगाम काढले होते.

आमचे आण्णा, म्हणजे हिंदुराव शेवाळे, कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आटत शेवटी ज्या मोठ्या बंद भांड्यात येतो आणि जिथं त्याची साखर धरते, तो पॅन. काचेच्या पट्टीवर त्यातला एक ठिपका घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि दाणा धरलाय की नाही ते डोळ्यांनी ठरवायचं. एकतीस वर्षं त्यांनी तेवढंच काम केलं. प्रयोगशाळेतले पदवीवाले त्यांना विचारून आकडा लिहीत.

आनंदासारखे अकरा जण होते. सगळे हंगामी. धुराडं पेटलं की कामावर, विझलं की घरी. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा वर्षं झाली तरी कारखाना त्यांना कायम करत नव्हता. युनियन चेअरमनच्या खिशात. हे अकरा जण स्वतः बसले असते तर दुसऱ्या दिवशी नावं कापली गेली असती, म्हणून आण्णा बसले. "माझी दोन वर्षं ऱ्हायल्यात, मी कायम हाय, मला कोन काढतंय?" असं त्यांचं म्हणणं. बॉयलर पेटवायचा समारंभ आठ दिवसांवर आला होता, मोठे पाहुणे येणार होते, त्यामुळे चेअरमनची मान बरोबर कात्रीत सापडली होती.

उपोषण सोडायची आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्याविरुद्ध बसायचं, त्यानं किंवा त्याच्या माणसानं मागणी मान्य केल्याचा सही-शिक्क्याचा कागद घेऊन मंडपात यायचं, तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचा आणि मग त्याच हातानं रसाचा पेला द्यायचा. आधी कागद, मग रस. आण्णांनी पहिल्याच दिवशी हे सगळ्यांना ऐकवलं होतं. कुणाच्या गोड बोलण्यावर उठायचं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"तेला पगार हाय बोलायचा," आण्णा म्हणाले.

आनंदा हळूच म्हणाला, "किडनीवर ईल म्हणलाय डाक्टर. आज-उद्याच्याला उठवा म्हणलाय."

 आण्णांना साखर होती, पाच वर्षांपासून गोळ्या चालू होत्या. आणि अशा वेळी मुलगा जे करतो ते मी केलं नाही. म्हणजे त्यांचा हात धरून बसलो नाही. मी हिशेबाला लागलो.

"अकरा जण ना? कायम झाले तर पगारात काय फरक पडणार, तीन-साडेतीन हजार? तेवढे मी देतो सगळ्यांना. वर्षभर देतो. उठा तुम्ही."

हे मी मोठ्यानं बोललो.  कोपऱ्यात बसलेला एक जण उठला आणि बाहेर जाऊन थुंकला.

आण्णांनी डोळे मिटले. "आन मग? तू काय तेंचा कारखाना हायस?"

"पैशाचाच प्रश्न आहे ना शेवटी?"

"पैशाचा असता तर कवाच मिटला असता. ह्यातला कोन उद्या मशिनीच्या पट्ट्यात घावून मेला, तर तेच्या बायकूला गेटावर हुबं तरी करत्याल का? तेवढ्यासाठी बसलोय. तुला न्हाई कळायचं. जा, आईला भेटून ये जा."

तुला नाही कळायचं, हे तेविसाव्या वर्षी महिन्याला एक लाख वीस हजार मिळवणाऱ्या मुलाला सांगायचं म्हणजे काय.

त्या पगाराबद्दल सांगायलाच हवं. कॉलेजातून एका परदेशी बँकेनं मला मुंबईला उचललं. पहिला पगार झाला त्या दिवशी मी बँकेच्या मशीनमधून शिल्लक तीनदा काढून बघितली, कुणाचा तरी घोटाळा झालाय या भीतीनं. आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "वरसाचं का?" म्हटलं, महिन्याचं.  मग म्हणाले, "काम काय असतंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "चुकलं तर?" मी म्हटलं, चुकलं तर दुरुस्त करायचं. "बरं हाय," ते म्हणाले, "पॅन चुकला तर दुरुस्त हुत न्हाई." बस, एवढंच. ना शाबासकी, ना काही. त्यांना आनंद झाला होता हे आईनं नंतर सांगितलं. त्यांनी म्हणे शिफ्टवर पेढे वाटले. पण मला ऐकू येईल असं काही ते बोलले नाहीत, आणि ते मला लागलं.

पहिला महिना मी भीत भीत खर्च केला. दुसऱ्या महिन्यात नऊ हजारांचे बूट घेतले आणि खोलीवर जाऊन बिल फाडून टाकलं, कुणी बघू नये म्हणून. तिसऱ्या महिन्यात बिल फाडायची गरज वाटेनाशी झाली. मोठ्या पगाराची सवय व्हायला वेळ लागत नाही, दोन-तीन महिने पुरतात. लहान गोष्टींचा राग मात्र त्याच्या आधीच येऊ लागतो. आई प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालते याचा राग. आण्णा सायकलवरून शिफ्टला जातात याचा राग. गावाकडं गेलो की जन्मात कधी माझ्याकडं न बघितलेला चुलता खुर्चीवरून उठून मला बसायला देई, आई भाजी काय करू हे मला विचारून करी. घरातल्या सगळ्यांनी मला मोठा करून टाकला होता. आण्णा सोडून. मी शेफारलो होतो आणि घरात हे ज्याला दिसत होतं असा एकटाच माणूस ताडपत्रीखाली उपाशी पडला होता.

मी घरी जायला निघालो तर चेअरमनचा ड्रायव्हर माझ्या गाडीला टेकून उभा. "साहेबांनी चहाला बोलावलंय."

चेअरमनच्या बंगल्याची पायरी मी लहानपणी आण्णांबरोबर चढलो होतो. दिवाळीच्या बोनसचं काही काम होतं. तेव्हा व्हरांड्यात तासभर उभं राहून आम्ही परत आलो होतो. या वेळी स्वतः चेअरमन दारापर्यंत आले. पांढरे कपडे, पांढरी चप्पल, हातात जपमाळेसारखा मोबाइल. त्यांनी मला सोफ्यावर स्वतःच्या शेजारी बसवलं. समोर काजूची बशी आली.

"कुठल्या बँकेत म्हणालात?"

मी सांगितलं.

"आणि पगार? रागावू नका हं, कौतुकानं विचारतोय."

मी सांगितला. आकडा थोडा वाढवूनच सांगितला, बोनस धरून.

चेअरमननी भुवया उंचावल्या. आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "अहो, ऐकलं का, आपल्या पॅनमनचा मुलगा बघा." आतून कुणी आलं नाही, पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं ते चढलं.

"हे बघा संग्रामराव," ते म्हणाले. मला जन्मात कुणी संग्रामराव म्हटलं नव्हतं. "वडील तुमचे देवमाणूस. हट्टी आहेत. त्यांच्या जिवाला काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू? मागणी मला मान्य आहे. अकराच्या अकरा कायम. पण बोर्डाची मीटिंग झाल्याशिवाय मी कागदावर सही कशी करू? पंधरा दिवसांनी मीटिंग आहे. तोवर ते उपाशी राहणार का?"

"त्यांना कागद हवाय," मी म्हटलं.

"माहीत आहे. कागद अडाण्याला लागतो हो. तुम्ही मोठमोठे व्यवहार करता, तुम्हीच सांगा, दोन माणसं समोरासमोर बसली की शब्द पुरतो की नाही? माझा शब्द आहे तुम्हाला."

खरं तर मी कसलेच व्यवहार करत नव्हतो. दुसऱ्यांच्या व्यवहारांचा प्रोग्राम लिहीत होतो आणि तोही वरचा माणूस तीनदा तपासत होता. पण मी मान हलवली. एकतीस वर्षं आण्णांना जे जमलं नाही ते मी एका चहात मिटवलं, असं मला मनापासून वाटलं. आण्णा व्हरांड्यात उभे राहिले म्हणून त्यांना मिळालं नाही, आणि मी सोफ्यावर बसलो म्हणून मला मिळालं, इतका सरळ हिशेब होता माझा.

"मी स्वतः आलो असतो," चेअरमन म्हणाले, "पण मी गेलो की लोक म्हणणार, चेअरमन वाकला. तुम्हीच द्या की रस. मुलाच्या हातचा रस, यापरतं काय पाहिजे? मी माणसं पाठवतो."

ती माणसं माझ्या आधी पोहोचली. दुपारी चारची शिफ्ट सुटायची वेळ. गेटातून बाहेर पडणारे सगळे मंडपाशी थांबलेले, शेवाळे उठणार म्हणून गावातूनही माणसं आलेली. चारशेच्या आत-बाहेर गर्दी असेल. आई बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून उभी होती. एक संचालक हार घेऊन तयार. एक फोटोग्राफर. कुणीतरी माझ्या हातात मोसंबीच्या रसाचा काचेचा पेला दिला.

शब्द मिळालाय, असं मी सांगणार होतो. देवाशप्पथ, मी तसंच ठरवून आलो होतो. मी गादीशी गुडघे टेकून बसलो तर आण्णांच्या शेजारून आनंदा म्हणाला, "कागुद?"

 मी वर बघितलं. चारशे माणसं माझ्या हाताकडं बघत होती. एका हातात पेला, दुसरा रिकामा. तेव्हा जर म्हणालो असतो, कागद नाही, चेअरमननी मला शब्द दिलाय, तर त्यातले निम्मे हसले असते. तो पेला घेऊन मला त्या गर्दीतून मागं चालत जावं लागलं असतं. पांढऱ्या गाडीपर्यंत.

"कागद गाडीत आहे," मी म्हणालो.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. पाच दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले होते, पण नजर तीच होती, पॅनवरची.

"बगितलास तू?" त्यांनी विचारलं.

"बघितला."

"सही हाय तेवर?"

"आहे."

त्यांनी आनंदाकडं पाहिलं, मग आईकडं. नंतर स्वतःच कोपरावर रेटा देऊन उठून बसले. मी पेला त्यांच्या ओठाला लावला. दोन घोटांनंतर त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि सगळा रस सावकाश संपवला. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. संचालकानं हार घातला, पहिल्यांदा आण्णांना, मग मला.

गर्दी पांगल्यावर ते अकरा जण गाडीभोवती येऊन उभे राहिले. आनंदा म्हणाला, "साहेब, कागुद वाचून दावता?"

सकाळपर्यंत मी त्याच्यासाठी हिंदुआण्णांचा संग्राम होतो. मी म्हटलं, "बोर्डाची सही राहिलीय. पंधरा दिवसांत मिळेल. चेअरमनांनी मला शब्द दिलाय." त्यातला एक जण काहीतरी बोलायला पुढं झाला. आनंदानं त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं. कुणी आवाज चढवला नाही. ते एकेक करून निघून गेले. आनंदा तिथून परत मंडपात गेला आणि ताडपत्री सोडायला लागला. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच मुंबईला निघालो. कामाचं कारण होतंच.

पुढचं सांगायला फार नाही. बॉयलर थाटात पेटला. फोटो पेपरात आला, खाली लिहिलं होतं की चेअरमनांच्या शिष्टाईला यश. बोर्डाची मीटिंग झाली आणि आर्थिक परिस्थिती पाहता विषय पुढं ढकलला. मी चेअरमनला फोन केला. पहिल्या वेळी ते मीटिंगमध्ये होते, दुसऱ्या वेळी देवदर्शनाला, तिसऱ्या वेळी तो नंबर त्यांचा नव्हता. पुढच्या हंगामात अकराच्या अकरा जणांना कामावर घेतलंच नाही. ते काम कंत्राटदाराला देऊन टाकलं. दुसऱ्यांदा उपोषणाला बसायचं म्हटलं तर आता आण्णांच्या मागं कोण येणार होतं? गेटावर लोक त्यांच्या तोंडावर म्हणत, पोराला लाखाचा पगार लागला आणि म्हाताऱ्याला भूक लागली.

आण्णा दोन वर्षं ते ऐकत कामावर गेले. सायकलवरूनच. निवृत्तीच्या दिवशी पॅनवरच्या माणसांनी नारळसुद्धा दिला नाही. आधी किडनी गेली, मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्याचा सगळा खर्च मी केला, चांगल्यातल्या चांगल्या दवाखान्यात. तेवढं मला जमत होतं. एकदा धीर करून मी म्हटलं, "आण्णा, चेअरमननी कागद दाखवला होता, नंतर फिरवला." भिंतीकडं तोंड करून ते म्हणाले, "असंल."

त्या 'असंल'वर मी कितीतरी वर्षं काढली. आण्णांना मी फसवलं, याची टोचणी होती. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, असंही त्याच्यातून निघत होतं, आणि मला ते हवं होतं. सगळ्या गावानं त्यांना विकलेला म्हटलं तरी ते स्वतः जाणून होते की आपण मुलाच्या शब्दावर उठलो. चूक झाली ती मुलाची. मनातल्या मनात मी हे इतक्या वेळा घोटलं होतं की त्याचा गुळगुळीत गोटा झाला होता.

आण्णा गेले त्या वर्षी थंडीत मी आनंदाला शोधत गेलो. तो नदीकाठच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होता. रस कधी आटला, काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. हातातलं कसब तेवढंच त्याला कामाला आलं होतं. दुपारची वेळ. चुलवणावर काहील उकळत होती, सगळीकडं वाफ आणि गोड करपट वास. केस पांढरे झाले होते त्याचे. गाडी मी या वेळी रस्त्यावरच ठेवून चालत आलो होतो.

"बसा," तो म्हणाला. बसायला उसाच्या चिपाडांचा ढीग होता.

मी बसलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. "आनंदा, त्या दिवशी गाडीत कागद नव्हता," एवढंच निघालं. "कधीच नव्हता. मी खोटं बोललो. आण्णांना ते शेवटपर्यंत कळलं नाही."

तो लांब दांड्याच्या झाऱ्यानं रस ढवळत होता. हात थांबला नाही.

"आण्णास्नी ठावं हुतं," तो म्हणाला.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"टाइम ऑफिसातल्या क्लार्कनं निरोप धाडला हुता. तुमी यायच्या आदी अर्धा तास. कागुद न्हाई, बोर्ड न्हाई, निस्तं पोराला गोड बोलून धाडलंय म्हून. आमी सगळी म्हणलं, आण्णा, आता उठायचं न्हाई. ते म्हणालं, उठतोय कशाला? पोरगं रिकाम्या हातानं ईल आन खरं काय ते सांगंल. माझं पोर हाय ते."

मी ढिगातलं एक चिपाड उपसलं आणि मोडत बसलो.

"मग तुमी पेला घिऊन आलासा. कागुद गाडीत हाय म्हणालासा. तुमास्नी दोनदा इचारलं त्येनी. आठवतंय का? बगितलास का म्हणालं, सही हाय का म्हणालं. मी म्हणलं, आता तरी ह्यो खरं बोलंल."

काहिलीत बुडबुडे जड होत चालले होते. त्यानं थोडा रस झाऱ्यावर घेतला, धार सोडून बघितली आणि पुन्हा ढवळायला लागला.

"मग रस का प्याले?" मी विचारलं. 

"दुसऱ्या दिवशी म्या बी तेच इचारलं. तुमी मुंबईला गेल्यावर. म्हणालं, चारशे माणसांत पोराला खोटं पाडू व्हय? आत्ता कुठं चार लोकं तेला मान द्यायला लागल्यात. तेचं सारं आयुष्य हाय फुडं." आनंदानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मी म्हणलं, आण्णा, आन आमचं?"

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. रडलं. मी तेंच्या हाताखाली चौदा हंगाम काढलं, तेवढं एकदाच रडताना बगितलं. मग कुनालाच सांगू नको म्हणालं, तुमास्नी तर न्हाईच. म्या न्हाई सांगितलं. गावानं तेंच्या तोंडावर थुकायचं बाकी ठेवलं, तरी न्हाई सांगितलं. आता ते न्हाईत."

माझा हात आपोआप खिशाकडं गेला होता. पाकीट बाहेर निघालं होतं. आनंदाचा मुलगा बारावीला आहे, हे मी येताना चौकशी करून आलो होतो. तो हात त्यानंही बघितला.

"ठेवा ते," तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आमी अकरा जनांनी तुमच्या इज्जतीचं मोल कवाच भरलंय. आता ती तेवढी तुमीच वापरा."

त्यानं मोठ्यानं हाक मारली तशी चार माणसं बांबू घेऊन धावत आली. काहील उतरवायची वेळ झाली होती आणि मी बरोबर त्यांच्या वाटेत बसलो होतो.

"जरा मागं सरा, साहेब," आनंदा म्हणाला. "अंगावर उडंल."

मी मागं सरलो.